दुखावलेलीं मुलें आणि मुकीं जनावरें

ज्या हातांनीं मायेनें कुरवाळावयाचें तेच हात उगारले गेले, म्हणजे मुलाच्या मनाला होणारी जखम अंगावरच्या वळाप्रमाणें चार दिवसांत भरून येत नाहीं. असें मूल तेरा-चौदा वर्षांचें झालें कीं एक तर अबोल होतें, नाहीं तर दांडगें होतें. तें शाळा बुडवितें, घरांतून पळून जातें, आणि जो कोणी गोड बोलावयास जाईल त्याच्याकडे संशयानें पाहतें. दुधानें तोंड पोळलें कीं माणूस ताकही फुंकून पितो. मग ज्याचें सारें बाळपणच पोळलें त्यानें मायेच्या प्रत्येक शब्दावर फुंकर घातली तर त्यांत नवल तें काय! वडील माणसें उपदेश करितात, शिक्षक शिस्त लावूं पाहतात, शेजारीपाजारी हळहळतात. परंतु हा उपदेश, ही शिस्त आणि ही हळहळ माणसांकडूनच येते, आणि माणूस हाच तर त्या मुलाच्या भीतीचा विषय असतो. तेव्हां अशा मनाचें दार उघडावें कोणीं, आणि कोणत्या बाजूनें?

या प्रश्नाला गेल्या दोन-सव्वादोनशें वर्षांत एक अनपेक्षित उत्तर हळूहळू आकाराला आलें आहे. तें असें कीं, अशा मुलाच्या हातीं एखादा मुका जीव सांभाळावयास द्यावा. प्रथमदर्शनीं हें उत्तर भाबडें वाटेल. कुत्र्यामांजरांनीं मुलें रमतात हें सांगावयास इतिहास कशाला हवा, असेंही कोणी म्हणेल. परंतु येथें मुद्दा रमण्याचा नाहीं. ज्याच्यावर सर्वांनीं सत्ता गाजविली त्याच्या हातीं प्रथमच एका दुबळ्या जिवावरची सत्ता येते, आणि ती क्रौर्याविना वापरतां येते हें त्याला कळतें, हा खरा मुद्दा आहे. या कल्पनेचा प्रवास आम्ही येथें थोडक्यांत पाहणार आहों.

प्रथम कायद्याची गोष्ट. मूल आणि जनावर या दोन असहाय जिवांपैकीं कायद्याचें लक्ष आधीं कोणाकडे गेलें असेल? पुष्कळांच्या तर्काच्या उलट, तें आधीं जनावरांकडे गेलें. इंग्लंडांत गुराढोरांना क्रूरपणें वागविण्यास बंदी करणारा कायदा १८२२ सालीं झाला, आणि दोनच वर्षांनीं लंडनमध्यें प्राण्यांच्या संरक्षणासाठीं मंडळी स्थापन झाली. मुलांना क्रूरतेपासून वांचविणारा तसा कायदा मात्र त्याच देशांत १८८९ सालीं आला. म्हणजे बैलापासून बाळापर्यंत पोंचावयास पार्लमेंटला सदुसष्ट वर्षें लागलीं. बाप म्हणजे घरचा राजा, आणि त्याच्या राज्यांत परक्यानें डोकावूं नये, ही समजूत इतकी खोल रुजलेली होती.

अमेरिकेंत हेन्री बर्घ या गृहस्थानें न्यूयॉर्क येथें १८६६ सालीं प्राण्यांच्या रक्षणाची मंडळी काढली. पुढें आठ वर्षांनीं, १८७४ सालीं, त्याच्याकडे एट्टा व्हीलर नांवाची एक बाई आली. ती गरिबांच्या वस्तींत घरोघर जाऊन सेवा करणारी होती. एका चाळीसारख्या इमारतींत दहा वर्षांची एक मुलगी कोंडून ठेवली जाते, तिला चाबकानें मारतात, हिंवाळ्यांतही तिच्या अंगावर पुरते कपडे नसतात, असें तिला शेजाऱ्यांकडून कळलें होतें. तिनें अनेक ठिकाणीं दाद मागितली. परंतु पुराव्यावांचून हात घालण्यास कोणी धजेना. त्या मुलीचें नांव मेरी एलन. बर्घनें आपला वकील एल्ब्रिज गेरी याच्या साह्यानें मुलीला न्यायालयापुढें आणविलें. तिच्या चेहऱ्यावर कात्रीच्या घावाची खूण होती. आपल्याला रोज मार बसतो आणि कोणी कधीं जवळ घेतलें असें आठवत नाहीं, असें तिनें सांगितलें. तिला वाढविणाऱ्या बाईस एक वर्षाची शिक्षा झाली. त्या वर्षाच्या अखेरीस बालसंरक्षणाची स्वतंत्र मंडळी न्यूयॉर्कमध्यें उभी राहिली, आणि जगांतील अशा मंडळ्यांत ती पहिली मानली जाते.

'मूल हेंही एक प्राणीच आहे' असा युक्तिवाद करून मेरी एलनला जनावरांच्या कायद्याखालीं सोडविलें, अशी आख्यायिका पुढें पसरली. ती खरी नव्हे. बर्घनें आपण प्राणिरक्षक मंडळीचा अध्यक्ष म्हणून नव्हे, तर एक नागरिक म्हणून पुढें आलों आहों असें स्पष्ट केलें होतें. आणि गेरीनें जो आधार घेतला तो अन्यायानें अडकविलेल्या माणसाला न्यायाधीशापुढें हजर करण्याच्या हुकुमाचा होता. मात्र आख्यायिका खोटी असली तरी तिच्या मुळाशीं असलेलें सत्य टळत नाहीं: घोड्याच्या पाठीवरचा वळ ज्याला दिसूं लागला, त्यालाच मुलीच्या पाठीवरचा वळही दिसला.

मेरी एलनचें पुढें काय झालें हें अधिक महत्त्वाचें आहे. कांहीं दिवसांनीं व्हीलरबाईंच्या आईनें तिला रॉचेस्टर शहराजवळच्या खेड्यांतल्या आपल्या घरीं नेलें, आणि ती लवकरच वारल्यावर धाकट्या बहिणीनें तिला वाढविलें. व्हीलरबाईंनीं पुढें एक आठवण लिहून ठेविली आहे. हें मूल आजवर घरांतल्या सपाट फरशीवरच चाललेलें होतें. शेत, झाडें, गवत यांची त्याला ओळख नव्हती. आणि उंचसखल जमिनीवर पाऊल कसें टाकावें हें त्याला तान्ह्या बाळाप्रमाणें शिकावें लागलें. न्यायालय मुलीला कोंडवाड्यांतून बाहेर काढूं शकलें, पण जमिनीवर चालावयास शिकविणें हें न्यायालयाचें काम नव्हतें. तें खेड्यानें आणि एका कुटुंबानें केलें. मेरी एलन संसाराला लागली, दोन मुलींची आई झाली, एका अनाथ मुलीलाही तिनें पदरांत घेतलें, आणि १९५६ सालीं ब्याण्णव वर्षांची होऊन वारली.

आमच्या मुंबईचा इतिहासही या बाबतींत निराळा नाहीं. जनावरांवरील क्रूरता थांबविण्यासाठीं मुंबईंत मंडळी निघाली ती १८७४ सालींच, म्हणजे मेरी एलनचा खटला चालला त्याच वर्षीं. पुढील दशकांत परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवानें जनावरांचें इस्पितळही उभें राहिलें. मुंबई इलाख्याचा बालकांविषयींचा कायदा मात्र १९२४ सालचा. येथेंही मुक्या जनावराची हांक आधीं ऐकूं आली, आणि बोलतां येणाऱ्या मुलाची पन्नास वर्षांनीं.

कायद्यानें सुटका होते. मन बरें कशानें होतें? आतां या दुसऱ्या धाग्याकडे वळूं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें १६९३ सालीं मुलांच्या शिक्षणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांना कुत्रीं, खारी, पाखरें पाळूं द्यावींत, पण त्यांचें खाणेंपिणें मुलांनीं स्वतः नीट पाहिलें पाहिजे, अशा एका आईच्या रीतीची त्यानें त्यांत वाखाणणी केली आहे. लॉकला जनावराच्या सुखाइतकीच मुलाच्या हृदयाची घडण महत्त्वाची वाटत होती.

त्यानंतर शंभर वर्षांनीं ही कल्पना आजारी मनांच्या उपचारांत शिरली. यॉर्क शहरांतल्या वेड्यांच्या इस्पितळांत १७९० सालीं एका क्वेकर बाईचा मृत्यु झाला. आणि त्या घटनेनें अस्वस्थ होऊन विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्यानें १७९६ सालीं 'रिट्रीट' नांवाचें निराळें आश्रयस्थान उघडलें. वेडा म्हणजे सांखळदंड आणि फटके, असा तो काळ होता. ट्यूकनें मारहाणीला फांटा दिला. त्याचा नातू सॅम्युएल यानें १८१३ सालीं या संस्थेचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत एक गंमतीची वाटणारी गोष्ट आहे: रुग्णांच्या फिरण्याच्या अंगणांत ससे, समुद्रपक्षी, ससाणे, कोंबड्या असे जीव सोडलेले असत. त्यांच्याशीं जडलेल्या ओळखीमुळें रुग्णांच्या मनांत सद्भाव जागे होतात, असें त्यानें नोंदविलें आहे. येथें रुग्ण प्रौढ होते हें खरें. परंतु ज्याला आजवर दुसऱ्यांनीं सांभाळलें, किंवा मारलें, त्यालाच दुसऱ्याला सांभाळूं द्यावें, हें बीज येथें पडलें.

मुलांच्या बाबतींत तें उगवलें न्यूयॉर्कमध्यें, आणि तेंही योगायोगानें. बोरिस लेव्हिन्सन हा मुलांच्या मनोविकारांवर उपचार करणारा प्राध्यापक होता. त्याचा जिंगल्स नांवाचा कुत्रा एरवीं रुग्णांच्या वेळीं खोलींत नसे. एके दिवशीं एका मुलाला घेऊन त्याचे आईबाप ठरल्या वेळेच्या आधींच आले. तें मूल अनेक उपचार होऊनही मिटून बसलेलें होतें. जिंगल्स धांवत जाऊन त्याला चाटूं लागला. मूल घाबरेल असें सर्वांना वाटलें. पण त्यानें कुत्र्याला कवटाळलें. पुढील कांहीं भेटींत तें बोलत होतें तें कुत्र्याशीं. डॉक्टर केवळ बाजूला बसलेला होता. हळूहळू त्या दोघांच्या स्नेहांत डॉक्टरलाही जागा मिळाली. लेव्हिन्सननें १९६१ सालीं हा अनुभव मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेंत सांगितला तेव्हां कांहीं विद्वानांनीं थट्टा केली, आणि फीचा कांहीं वांटा कुत्र्यालाही मिळतो काय असें विचारलें. त्यानें थट्टा पचविली, १९६२ सालीं निबंध छापला, आणि १९६९ सालीं त्यावर ग्रंथच लिहिला.

पुढील दशकांत अमेरिकेंतीलच ओहायो राज्याच्या विद्यापीठांत सॅम्युएल व एलिझाबेथ कॉर्सन हें दांपत्य कुत्र्यांच्या स्वभावावर संशोधन करीत होतें. जवळच मनोरुग्णांचें इस्पितळ होतें, आणि त्यांत कांहीं कुमारवयीन रुग्णही होते. कुत्र्यांचें भुंकणें त्यांच्या कानीं जाई. ज्यांनीं डॉक्टरांशीं मौन धरलें होतें अशांपैकींही कांहींनीं तोंड उघडून विचारलें कीं, त्या कुत्र्यांशीं आम्हांला खेळतां येईल काय, त्यांची देखभाल करतां येईल काय? हा प्रश्न आम्हांला फार बोलका वाटतो. 'आम्हांला बरें करा' असें तीं मुलें म्हणालीं नाहींत. त्यांनीं काम मागितलें.

स्वतः होरपळलेल्या मुलीनें हाच मार्ग इतरांसाठीं कसा मोकळा केला याचें उदाहरण म्हणजे कॅथी क्विन. जन्म १९४२ चा. घरांतील छळाला कंटाळून तिनें पोरवयांतच घर सोडलें. मग रस्ता, पुन्हां पकडून संस्थेंत रवानगी, तेथून पुन्हां रस्ता, असें तिचें तारुण्य गेलें. आणि ज्यांनीं रक्षण करावयाचें त्यांच्याकडूनही तिला इजा झाली. पुढें जोनी नांवाची एक जर्मन शेफर्ड जातीची कुत्री तिला मिळाली. तिच्या सोबतींत कॅथीला प्रथमच निर्धास्त वाटूं लागलें, आणि ताठ मानेनें चालण्याचें बळ आलें. हें बळ तिनें आपल्यापुरतें ठेवलें नाहीं. वॉशिंग्टन राज्यांतल्या विद्यापीठाचे पशुवैद्य लिओ बस्टॅड यांच्या साह्यानें तिनें १९८१ सालीं त्या राज्यांतील स्त्रियांच्या एका तुरुंगांत उपक्रम सुरू केला. बेवारशी कुत्रे आणावयाचे, कैदी स्त्रियांनीं त्यांना शिकवावयाचें, आणि तयार झालेले कुत्रे अपंगांच्या मदतीला द्यावयाचे, असा तो क्रम. पुढें ती 'पॉलीन' या नांवानें जोगीण झाली, आणि २०२० सालीं वारली. टाकून दिलेल्या जनावराला टाकून दिलेल्या माणसानें उपयुक्त करावें, आणि तें करतां करतां स्वतःही कोणाच्या तरी उपयोगीं पडावें, अशी दुहेरी सुधारणा त्यांत साधली गेली.

मुलांसाठीं हीच रीत कायमची लावणाऱ्या संस्थाही आहेत. न्यूयॉर्क राज्यांतील ब्रूस्टर येथें १९४७ सालीं सॅम्युएल रॉस या तरुणानें एका जुन्या दुग्धशाळेच्या जागेवर 'ग्रीन चिम्नीज' ही निवासी शाळा सुरू केली. मनानें व्यथित झालेल्या मुलांसाठीं पुढें ती नांवाजली. तेथें मुलें शेण काढतात, दाणावैरण घालतात, घोड्यांना खरारा करितात. आणि जखमी झालेलीं रानपाखरें बरीं करून आकाशांत सोडलीं जातात तेव्हां तीं सोडणाऱ्या हातांत मुलांचेही हात असतात. ज्याला स्वतः कोंडवाड्याची ओळख आहे त्यानें दुसऱ्याचा पिंजरा उघडावा, याहून मोठें शिक्षण कोणती पोथी देणार?

पेनसिल्व्हेनियांत ॲरन कॅचर या मानसोपचारतज्ज्ञानें १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभीं एका निवासी शाळेंत लहानसें प्राणिघर उघडलें. तेथील मुलें आडदांड म्हणून प्रसिद्ध. नियम थोडेच होते: जनावराशीं हळुवार वागावयाचें, आवाज चढवावयाचा नाहीं, आणि जनावर किंवा सोबती यांपैकीं कोणालाही तुच्छ लेखावयाचें नाहीं. मूल आपल्या आवडीचें जनावर निवडी, त्याचा आहार, संवयी, आजार यांचा अभ्यास करी, आणि मगच तें त्याचें होई. एरवीं आवरण्यासाठीं ज्यांना धरून ठेवावें लागे, त्यांच्यावर प्राणिघरांत तशी पाळी आली नाहीं.

यामागचें रहस्य काय? आम्हांला तीन कारणें दिसतात. पहिलें, जनावर भूतकाळ विचारीत नाहीं. 'काय झालें तें सांग' असें म्हटलें कीं दुखावलेलें मूल आंत दडतें. घोड्याला मात्र आजचा हात मायेचा आहे एवढेंच कळतें. दुसरें, जनावर खोटें बोलत नाहीं. मुलगा रागावून गोठ्यांत शिरला तर वांसरूं मागें सरतें, शांत झाला तर जवळ येतें. आपल्या वागण्याचें इतकें प्रामाणिक उत्तर त्याला माणसांकडून क्वचितच मिळालेलें असतें. तिसरें आणि सर्वांत मोठें, जनावराला मुलाची गरज असते. ज्याला आजवर 'तूं ओझें आहेस' असेंच ऐकावयास मिळालें, त्याच्यावांचून सकाळीं कोणाचें तरी दाणापाणी अडतें, ही जाणीव त्याला ताठ उभें करिते. दया घेणाराची मान नेहमींच थोडी खालीं असते. ज्याला दया देतां येते त्याची वर येते.

येथेंच एक गंभीर इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. छळलेल्या मुलाच्या हातीं जनावर दिलें कीं चमत्कार होतो, असें कोणीं समजूं नये. न्यू जर्सी राज्यांत १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, ज्यांच्या घरीं मुलांचा छळ झाल्याचें ठरलें होतें आणि ज्यांच्याकडे पाळीव जनावरें होतीं अशीं ५३ कुटुंबें तपासलीं. त्यांतील ६० टक्के घरांत जनावरांचाही छळ होत होता. मुलांना शारीरिक मारहाण होणाऱ्या घरांत तर हें प्रमाण ८८ टक्क्यांवर गेलें. आणि हात उगारणारे सगळे मोठेच होते असें नाहीं. कांहीं घरांत तीं मुलेंच जनावरांना छळीत होतीं. मार खालेलें मूल कधीं कधीं तोच मार आपल्याहून दुबळ्याला देतें. म्हणून समंजस देखरेखीवांचून हा प्रयोग करणें म्हणजे दोन दुबळ्यांना एकमेकांच्या स्वाधीन करणें होय. तसेंच जनावर म्हणजे औषधाची बाटली नव्हे. तें थकतें, भितें, आजारी पडतें, मरतें. लळा लागलेला कुत्रा मेला तर मुलाची जुनी जखम पुन्हां उकलते, आणि त्या वेळीं जवळ माणूसच लागतें. या उपचारावरचे पुष्कळसे अभ्यास लहान संख्येवर झालेले आहेत. त्यांवरून आशा धरावी, हमी मानूं नये. जनावर मुलाला माणसाच्या दारापर्यंत आणून सोडतें; दार उघडण्याचें काम माणसाचेंच आहे.

आतां थोडें आपल्याकडे पाहूं. रामेश्वरासाठीं आणलेलें गंगेचें पाणी नाथांनीं तहानलेल्या गाढवाच्या मुखीं घातलें, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागें धांवले, या कथा आमच्या घरोघरीं मुलांना सांगितल्या जातात. त्यांतून भूतदया शिकवावी हें ठीकच. पण त्या कथांतील दाते संत आहेत. जो स्वतः पायदळीं तुडविला गेला आहे असा पोर त्या ठिकाणीं उभा राहिला तर? वाटी हातांत आल्यानें त्याचेंच कांहीं भलें होईल, हा अर्थ त्या कथांतून आम्हीं अद्याप पुरता काढलेला नाहीं.

मुंबईचें पांजरपोळ १८३४ सालापासून आहे, आणि पांजरपोळें इतर गांवींही आहेत. अनाथ, पळून आलेलीं, मार खाऊन आलेलीं मुलें ठेवण्याचीं गृहेंही आपल्याकडे आहेत. एका जागीं सांभाळणाऱ्या हातांची वाण, दुसऱ्या जागीं सांभाळावयास कांहीं नसल्यामुळें रिकामे आणि चिडलेले हात. जाणत्या शिक्षकाच्या व पशुवैद्याच्या देखरेखीखालीं आठवड्यांतले थोडे तास तरी या दोहोंची गांठ घालून द्यावी, यांत अशक्य असें कांहीं नाहीं. फार मोठा खर्च नको, परदेशी यंत्रें नकोत. हवा आहे तो एवढाच विश्वास कीं, ज्या मुलाला आपण केवळ कींव करण्याजोगें समजतों, त्याच्यापाशींही देण्याजोगें कांहीं आहे. लंगड्या वांसरापुढें वैरणीची पेंढी सोडतांना त्या मुलाला हें प्रथम कळेल. आपल्याला तें त्याच्याआधीं कळलें पाहिजे.